ड्रम ब्रेक की डिस्क ब्रेक? आठवडे बाजार करणाऱ्यांनी गाडी घेण्यापूर्वी

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत कापड, चपला, भांडी, बांगड्या घेऊन आठवडे बाजार करणारे आपले व्यापारी बांधव गाडी घेताना दोन प्रश्न हमखास विचारतात. ॲव्हरेज किती देते आणि हप्ता किती बसेल? ब्रेकबद्दल विक्रेता जेवढे सांगेल तेवढ्यावर समाधान मानले जाते. विक्रेता सांगतो ते साधारण एवढेच की ड्रम जुना झाला, डिस्क नवी आहे, थोडे पैसे जास्त पडतील. आम्ही कापडवाले आहोत, गाडीचे कारागीर नव्हे. परंतु मोटरसायकलच्या मागे ताक्यांचा गठ्ठा बांधून आणि पुढे पिकअप घेऊन आम्ही चोपडा, अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्रीकडचे बाजार वर्षानुवर्षे केले आहेत. गॅरेजच्या बाकावर बसून उस्ताद मंडळींकडून जे समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

दोन्ही ब्रेकचे मूळ काम एकच. घर्षण, म्हणजे आमच्या उर्दू शाळेतल्या पुस्तकाच्या भाषेत 'रगड'. ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारे एक बंद डबडे असते. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात व त्यांवर लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेट मारून बसवलेला असतो. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डबड्याला आतून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर पोलादी किंवा बिडाची थाळी उघड्यावर फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात.

ड्रमची एक खुबी पुष्कळांना माहीत नसते. फिरणारे डबडे दोनपैकी एका शूला आपल्याबरोबर आत ओढून घेते, त्यामुळे आपण लावलेल्या जोरापेक्षा पकड जास्त बसते. म्हणून पायाच्या साध्या दाबावर, कोणत्याही मदतीशिवाय, ड्रम ब्रेक वजनदार गाडीही थांबवतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तिला तेलाचा दाब लागतो, आणि चारचाकीत तर वर बूस्टरही लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रेक गाडीचा वेग खाऊन टाकत नाही, तो वेगाची उष्णता करतो. ही उष्णता जाते कुठे, यावर ब्रेकची परीक्षा आहे. हिशेब करून पाहू. माल धरून अडीच टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात साधारण एक लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकच्या जोरावर उतरली, तर सुमारे २२ लिटर पाणी उकळेल. म्हणजे घाट उतरणे हे ताशी ६० वरून एकवीस वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे, आणि तेही मध्ये विश्रांती न देता. वेगाचाही हिशेब कडक आहे. वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते.

ही उष्णता ड्रममध्ये कोंडली जाते. डबडे तापले की फुगते आणि शूपासून दूर सरकते. मग पॅडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागते. लायनरही ठराविक तापमानानंतर पकड सोडतो. वर सांगितलेली ओढून घेण्याची खुबी येथे उलटते, कारण रगड कमी झाली की ती फुकटची मदतही त्याच प्रमाणात जाते. ड्रायव्हर म्हणतो, 'ब्रेक लाकडासारखा झाला, दाबतोय पण लागत नाही.' डिस्क उघडी असते, वाऱ्यावर थंड होते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. म्हणून उतारावर आणि वेगात डिस्क श्रेष्ठ, यात वाद नाही.

खानदेशात ही पुस्तकी चर्चा राहत नाही. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई–आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेरला, मध्य प्रदेशाकडून धुळ्याच्या दिशेने येणारा एक कंटेनर ट्रक वाटेतल्या गाड्यांना धडकत थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसे गेली. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. सेंधव्याकडचा बिजासन घाट उतरून येणारी वाहने याच रस्त्याने खाली येतात. चाळीसगाव–कन्नड घाट आणि शहाद्याहून वर जाणारा तोरणमाळचा रस्ताही असाच. अवजड ट्रकला आपल्याकडे बहुधा हवेच्या दाबावर चालणारे ड्रमच असतात. ते चांगले असतात, परंतु घाटभर पाय दाबून ठेवण्यासाठी ते केलेले नाहीत.

ब्रेक कोणताही असो, घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, इंजिनला गाडी रोखू द्यावी. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा आजही खरा आहे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून, कधी चावीही बंद करून उतरण्याची जी खोड काही जणांना आहे, तिच्यात वाचणारे डिझेल चहाच्या किमतीचे असते. इंजिन बंद झाले की बूस्टरची ओढ एक-दोन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे होते. स्टेअरिंग पॉवरचे असेल तर तेही जड होते. ब्रेक तापल्याचा वास आला तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास हवेवर निवू द्यावा. तापलेल्या ड्रमवर किंवा थाळीवर पाणी ओतू नये, बीड तडकते.

घाट सोडून सपाटीला आलो की पारडे तितके एकतर्फी राहत नाही. आपल्याकडची काळी माती ज्याने पावसाळ्यात चाकातून खरवडून काढली आहे त्याला अधिक सांगायला नको. अनेर किंवा बोरी नदीकाठच्या गावाहून बाजार आटोपून परतताना फरशीवरून पाणी वाहत असते आणि पुढे दोन किलोमीटर गाळ. डिस्कवरचे पाणी थाळी फिरता फिरता उडून जाते, ब्रेक लगेच पूर्ववत होतो. ड्रममध्ये सहसा पाणी शिरत नाही, परंतु एकदा शिरले की लवकर निघत नाही. म्हणून नाला ओलांडल्यावर हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून शू वाळवावेत. ही सवय फार कमी लोकांना आहे.

मातीचा न्याय मात्र उलट आहे. डिस्क उघडी असल्याने वाळू-चिखल थेट पॅड व थाळीच्या मध्ये येतो आणि पॅड लवकर झिजतात. काळी माती कॅलिपरच्या पिनांवर सुकली की सिमेंटसारखी बसते. मग कॅलिपर सरकत नाही, एक पॅड घासून संपतो आणि दुसरा नवाच राहतो. ड्रमचे बंद डबडे या त्रासापासून बरेच वाचते. त्याचा दोष आतला कॅम आणि बाहेरची तार गंजून जड होणे हा आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा खोलून, कॅमला बेताचे ग्रीस लावून बसवला तर वर्ष निघते. ग्रीस लायनरला लागता कामा नये, एवढेच.

चिखलातच फिरण्यासाठी बनवलेली एक गाडी आहे, मोठ्या टायरांची चारचाकी मोटरसायकल, जिला ऑल टेरेन म्हणतात. आपल्याकडे ती गोवा, अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवते. परदेशात शेतकरी ती कामाला वापरतात. तिच्या कारखानदारांनाही हाच प्रश्न पडला आणि सर्वांनी एकच उत्तर दिले नाही. वेगाच्या गाड्यांना डिस्क आली, पण होंडाने शेतकामाच्या 'रेकॉन'सारख्या छोट्या गाडीला पुढेमागे ड्रमच ठेवले. सुझुकीच्या 'किंगक्वाड'मध्ये मागचा ब्रेक अनेक थाळ्यांचा, बंद आणि तेलात बुडवलेला दिला गेला. हे ऐकून नवल वाटेल, परंतु हीच चीज रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात उभी आहे. ट्रॅक्टरचा 'ऑइल ब्रेक' तो हाच. थाळ्या तेलात असल्याने उष्णता तेल घेते, माती आत येत नाही. म्हणजे खरा प्रश्न 'जुना की नवा' असा नसून 'उघडा की बंद' असा आहे. उघडा लवकर थंड होतो, बंद स्वच्छ राहतो. तेलातला दोन्ही साधतो, पण तो महाग असतो आणि खोलायचे काम मोठे असते. (ट्रॅक्टरचा ब्रेक कितीही चांगला असला तरी मागच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, ही गोष्ट वेगळ्या लेखाची.)

आता खिशाचा विचार. ड्रमची दुरुस्ती आपल्या गल्लीत होते. शूला नवा लायनर बसवणारा, ड्रम लेथवर घेऊन आतून साफ करणारा कारागीर तालुक्याच्या गावीही मिळतो. मात्र लेथवर ड्रम किती वेळा घ्यायचा याला मर्यादा आहे. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला की ड्रम बदलावा. तसेच डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. पातळ थाळी लवकर तापते, वाकते. पॅड बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे, पण कॅलिपरचे रबर आणि पिस्टन खराब झाले तर खर्च ड्रमच्या कितीतरी पुढे जातो.

डिस्क घेतली म्हणजे ब्रेक ऑइल आले. ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ चे नवे तेल २०५ अंशाला उकळते, ओल शोषल्यावर १४० अंशापर्यंत खाली येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावे व हवा काढून घ्यावी. तेल कमी झाले म्हणून इंजिन ऑइल ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने सगळी रबरे फुगतात. पिकअपच्या ड्रमलाही हेच तेल लागते, हेही लक्षात असू द्यावे.

मग घ्यावे काय? पिकअप किंवा छोटा हत्ती घेणाऱ्यापुढे निवड फारशी नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम अशीच रचना असते आणि ती योग्य आहे. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून जास्त काम व जास्त उष्णता पुढच्या चाकांना. हँडब्रेकला मात्र ड्रम भक्कम, बाजारात उतारावर भरली गाडी तोच धरून ठेवतो. प्रश्न उरतो मोटरसायकलचा. सपाटीवर, ताशी चाळीस-पन्नासने, कच्च्या रस्त्याची गावे करणाऱ्याला चांगला राखलेला ड्रम पुरतो. त्याला कोणी कमी लेखू नये. रोज जळगाव–धुळे महामार्गावर ट्रकांच्या मधून जाणाऱ्याने, किंवा घाटातून ये-जा करणाऱ्याने, पुढे डिस्क असलेलीच गाडी घ्यावी. तेथे फरकाचे पैसे वाचवणे आम्हाला पटत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे करण्यात आले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुढचा ब्रेक 'ओढतो' म्हणून ती जोडणी ढिली करून देणारे काही हात आहेत. तसे करू देऊ नये.

जुनी गाडी घेताना ताशी तीसने मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून पाहावा. गाडी एका बाजूला ओढली तर एक चाक काम करीत नाही. पॅडल अर्धा मिनिट दाबून धरावे. हळूहळू खाली गेले तर मास्टर सिलिंडर किंवा नळी गळते आहे. मोटरसायकलच्या ड्रमवर कॅमच्या दांडीपाशी बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपाशी पोहोचला असेल तर शू संपले. हात न भाजेल अशा बेताने फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक जास्त गरम असेल तर तेथे ब्रेक चिकटतो आहे.

शेवटची विनंती गॅरेज चालवणाऱ्या कारागिरांना. ड्रम उघडला की आतली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत सोडा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुफ्फुसात बसले की आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो, आणि गॅरेजात हाताखाली बहुधा आपलीच कोवळी मुले असतात. ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि नवा लायनर घेताना पुड्यावर ॲस्बेस्टॉसविरहित असे लिहिलेले पाहून घ्यावे.