काळा घोडा: कलेनं धरून ठेवलेला कोपरा

मुंबईत फोर्टसारख्या महागड्या भागात चित्रकारांना जागा कशी उरली, याचं उत्तर काळा घोड्यात आहे. 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली आणि आजूबाजूला कलावंतांचा राबता सुरू झाला. पण काही नुकसानही झालं. जहांगीरमधलं समोवार कॅफे 2015 मध्ये गेलं, पुढच्याच वर्षी ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानाला कुलूप लागलं. फार वाईट वाटलं होतं!

तरी हा भाग टिकलाय. 1998 साली स्थापन झालेली काळा घोडा असोसिएशन इथला कला महोत्सव भरवते, तोही सगळ्यांना मोफत. त्याच संस्थेनं परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या डागडुजीचं कामही हाती घेतलं.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो जहांगीरबाहेरचा फूटपाथ. आत दालन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बाहेर रेलिंगला कॅनव्हास टेकवले की प्रदर्शन सुरू. शेजारी कुणीतरी स्टुलावर गिऱ्हाईक बसवून कोळशानं चेहरा उतरवत असतो. अशी जागा राखणं हीच कलावंतांना खरी मदत.

पुढच्या वेळी गेलात तर नुसते फोटो काढू नका, एखादं छोटं चित्र विकत घ्या. आणि कृपा करून घासाघीस करू नका.