सोंग आणि व्यक्तिरेखा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड परिसरातील बोहाड्यात नरसिंह, रावण यांची सोंगे मुखवटे चढवून रात्री नाचतात. मुखवट्यामागील माणूस गावाच्या ओळखीचा असतो. तरीही देवाच्या सोंगापुढे हात जोडले जातात. कोलरिजने १८१७ मध्ये काव्यानुभवासाठी अविश्वासाची स्वेच्छ स्थगिती कल्पिली. येथे जाणीव स्थगित होत नाही. गावकरी आणि नरसिंह यांचे भान एकत्र नांदते. शंकुकाने चित्रातील घोड्याच्या दृष्टान्ताने नाट्यप्रतीती सत्य, मिथ्या, संशय व सादृश्य या चारही ज्ञानांहून निराळी ठरविली, ती या अनुभवाला अधिक जवळची आहे. म्हणूनच कादंबरीतील व्यक्तिरेखेची सजीवता केवळ वास्तवसादृश्यावर तोलणारी समीक्षा अपुरी ठरते. मुखवटा हुबेहूब नसतो. पाहणाऱ्याच्या सहभागाने सोंग सजीव होते. वाचकाच्या मनातील व्यक्तिरेखेचेही तसेच आहे.