मोटारसायकलची लीग : गुणांचा आणि मजुरीचा हिशेब

२०२४ सालच्या जानेवारीअखेर पुण्याजवळ बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात माती घालून, तिचे उंचवटे रचून मोटारसायकलींच्या शर्यतीचा एक तात्पुरता मार्ग तयार झाला होता. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची ही पहिली फेरी. दुसरी फेब्रुवारीत अहमदाबादला आणि शेवटची फेब्रुवारीअखेर बेंगळुरूला झाली. सहा संघ, प्रत्येक संघात आठ स्वार, म्हणजे एकूण ४८ स्वार. संघांत कोल्हापूरच्या मोहित्यांचा संघ होता, आणि अजिंक्यपद मिळाले ते बेंगळुरूच्या सी. एस. संतोष यांच्या बिगरॉक मोटरस्पोर्ट्सला. पुण्यात सुरू होऊन बेंगळुरूत संपलेला हा हंगाम आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना जवळचा वाटावा असाच आहे.

वर्तमानपत्रांत उंच उड्यांची छायाचित्रे छापून आली. परंतु वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. या स्वाराला पैसे नेमके कशाचे मिळतात? उडीचे, वेळेचे, की जिंकण्याचे? आणि तो पडला तर नुकसान कोणाच्या खात्यावर पडते? आपल्याकडची लीग अजून लहान आहे. म्हणून हा प्रश्न समजून घेण्यासाठी मोटारसायकलींच्या सर्वांत जुन्या लीगकडे, म्हणजे स्पीडवेकडे, जावे लागते.

स्पीडवे म्हणजे काय?

सुपरक्रॉसमध्ये उंचवट्यांवरून उड्या घ्यायच्या असतात. स्पीडवेचा मार्ग सपाट, लंबवर्तुळाकार आणि भुरभुरीत मातीचा असतो. त्याची लांबी साधारण २६० ते ४२५ मीटर. चार स्वार एका रांगेत उभे राहतात, समोरच्या फिती झटकन वर उडतात आणि शर्यत सुरू होते. घड्याळाच्या उलट दिशेने चार फेरे मारले की शर्यत संपली. सगळा कारभार सुमारे एका मिनिटाचा.

गाडीविषयी दोन गोष्टी ऐकून कोणीही दचकेल. तिला ब्रेक नसतो आणि गिअर एकच असतो. ५०० सी.सी.चे एक सिलिंडरचे इंजिन मेथॅनॉलवर चालते. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू देतो, पुढचे चाक उलट बाजूस वळवतो आणि डावा पाय जमिनीला टेकवून गाडी तोलतो. त्या पायातील बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो. ब्रेक नाही याचेही कारण आहे. चार गाड्या हातभर अंतरावर धावत असताना एकाने अचानक ब्रेक लावला, तर मागचा थेट त्याच्यावर येऊन आदळेल.

ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे १९२३ साली जॉनी हॉस्किन्स यांनी भरवलेल्या शर्यतींपासून या खेळाचा आरंभ सामान्यतः मानला जातो. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीच येथे तो ब्रिटनमध्ये आला. लोक इतके लोटले की पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तेथे लीग सुरू झाली. आज पोलंडची लीग सर्वांत श्रीमंत समजली जाते. स्वीडन आणि डेन्मार्क येथेही लीगचे सामने होतात.

एक सामना, नव्वद गुण

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात पट ठाऊक नाही असा माणूस विरळा. पटात बैलजोडी सुटते, घड्याळाचे सेकंद मोजले जातात, बक्षीस वाटले जाते आणि त्या दिवशीचा निकाल त्याच दिवशी संपतो. लीगचे तसे नाही. लीगमध्ये प्रत्येक शर्यत ही खातेवहीतील एक नोंद असते आणि निकाल लागतो तो वर्षअखेरच्या बेरजेने.

स्पीडवेतील ही नोंद फार सोपी आहे. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य. प्रत्येक शर्यतीत दोन स्वार यजमान संघाचे आणि दोन पाहुण्यांचे. म्हणजे एका शर्यतीत एकूण ६ गुण वाटले जातात. नेहमीच्या सामन्यात १५ शर्यती असतात, म्हणून सामन्याचे गुण ९०. ज्याचे ४६ झाले तो जिंकला. ४५-४५ म्हणजे बरोबरी. ब्रिटनमधील रूढ पद्धतीप्रमाणे संघात सात स्वार असतात आणि एकेकाच्या वाट्याला चार-पाच शर्यती येतात. संध्याकाळभराच्या सामन्यात प्रत्यक्ष धावणे होते ते सुमारे पंधरा मिनिटे, आणि एका स्वाराचे काम पाच मिनिटांचे. त्या पाच मिनिटांसाठी प्रवास, दोन गाड्या, मेकॅनिक आणि आठवडाभराची दुरुस्ती.

या गुणपद्धतीत एक सुंदर तरतूद आहे, तिला बोनस गुण म्हणतात. आपलाच जोडीदार पहिला आला आणि आपण त्याच्या लगेच मागे दुसरे आलो, किंवा तो दुसरा आणि आपण तिसरे आलो, तर एक जादा गुण आपल्या वैयक्तिक खात्यावर जमा होतो. सामन्याच्या गुणफलकावर मात्र तो लागत नाही. असे का? कारण तो गुण नसता, तर मागच्या स्वाराने आपल्याच जोडीदाराला गाठण्यासाठी धडपड केली असती, आणि त्या भांडणात प्रतिस्पर्धी पुढे निघून गेला असता. बोनस गुण सांगतो की जोडीदाराच्या मागे राहून त्याची पाठ राखणे हेही काम आहे, आणि कामाची मजुरी मिळते. व्यक्तीचा स्वार्थ आणि संघाचे हित एकाच दिशेला वळवण्याचे इतके सोपे उदाहरण आमच्या क्रमिक पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

हंगामाची सरासरी

युरोपातील हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास संपतो. प्रत्येक संघ दुसऱ्याशी घरच्या आणि परक्या अशा दोन्ही मैदानांवर खेळतो. मैदाने एकसारखी नसतात. कुठे वळण अरुंद, कुठे सरळ भाग लांब, कुठे माती जाड. त्यामुळे घरच्या मैदानावरचा राजा परक्या मैदानावर चाचपडताना दिसतो.

हंगामभर प्रत्येक स्वाराची सरासरी काढली जाते. समजा, एका स्वाराने पाच शर्यतींत अनुक्रमे ३, २, ०, ० आणि १ असे गुण मिळवले आणि त्याला एक बोनस गुण मिळाला. गुण ६, बोनस १, एकूण ७. या सातांस शर्यतींच्या संख्येने, म्हणजे पाचाने, भागून चाराने गुणले की सरासरी आली ५.६०.

ही सरासरी केवळ कौतुकासाठी नसते. ब्रिटिश लीगमध्ये संघ बांधताना सर्व स्वारांच्या सरासरींची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाहीत. श्रीमंत संघाने सगळे चांगले स्वार गोळा करू नयेत आणि सामने चुरशीचे व्हावेत, हा हेतू. हेतू चांगला आहे. परंतु त्याचा परिणाम पाहा. ज्या तरुणाने वर्षभर मेहनत करून आपली सरासरी ५ वरून ७ वर नेली, तो पुढच्या वर्षी त्याच संघाला परवडेनासा होऊ शकतो. पैशाने नव्हे, तर मर्यादेच्या बेरजेत तो बसत नाही म्हणून. चांगले काम केल्यामुळे जागा जाणे हा प्रकार इतर धंद्यांत सहसा आढळणार नाही.

गुणांची मजुरी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॉस्टिंगच्या पेपरात मजुरीच्या दोन पद्धती शिकवतात : वेळेप्रमाणे मजुरी आणि कामाप्रमाणे मजुरी. आमच्या भागात या दोन्ही शिकायला पुस्तक लागत नाही. सालदार वर्षाच्या बोलीवर राहतो, त्याला वेळेची मजुरी. कापसाची वेचणी किलोवर होते, ती कामाची मजुरी. जेवढा कापूस काट्यावर चढला तेवढे पैसे. पाऊस आला आणि वेचणी थांबली, तर त्या दिवसाची मजुरीही थांबली.

स्पीडवेचा स्वार हा वेचणीवाल्यासारखा आहे. त्याची कमाई मुख्यतः मिळवलेल्या गुणांवर असते, बोनस गुणही त्यात धरून. पोलंडमध्ये हंगामाच्या तयारीसाठी करारापोटी वेगळी रक्कमही देतात. ब्रिटनमध्ये मात्र पूर्वापार गुणांवरच भर. गाड्या बहुधा स्वाराच्या स्वतःच्या, इंजिनाची दुरुस्ती त्याची, टायर त्याचे, मेकॅनिकचा पगारही त्याचाच. म्हणजे वेचणीला येणाऱ्या बाईला फक्त ओटी बांधून यावे लागते, तर या मजुराला आपला सगळा कारखाना सोबत आणावा लागतो. शून्य गुण मिळाले तरी टायर झिजतोच. पावसाने सामना रद्द झाला तर वेगळीच पंचाईत. म्हणूनच अनेक स्वार एकाच हंगामात दोन-तीन देशांच्या लीगमध्ये धावतात. आज इंग्लंड, दोन दिवसांनी पोलंड, मग स्वीडन. खर्च स्थिर असेल तर उत्पन्नाच्या जागा वाढवाव्या लागतात, हा साधा हिशेब.

परंतु दुखापत झाली तर? संघाची सोय नियमात आहे. प्रमुख स्वार जखमी झाला तर त्याच्या शर्यती संघातील इतर स्वार वाटून घेऊ शकतात. संघाचा ताळेबंद असा सावरला जातो. जखमी स्वाराच्या घरी मात्र ना शर्यत, ना गुण, ना मजुरी. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील झिलोना गुरा येथे डार्सी वॉर्ड हा २३ वर्षांचा गुणी ऑस्ट्रेलियन स्वार सामन्याच्या शेवटच्या शर्यतीत पडला, त्याच्या मणक्याला इजा झाली आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. सामन्याचा निकाल त्याआधीच लागला होता. त्या स्वाराच्या मनात काय होते याविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. पद्धतीविषयी मात्र म्हणता येते : सामना संपला तरी गुणाची किंमत संपत नाही, म्हणून स्वारासाठी कोणतीच शर्यत खऱ्या अर्थाने निरर्थक नसते. ब्रिटनमध्ये जखमी स्वारांसाठी एक साहाय्यनिधी आहे आणि त्यासाठी प्रेक्षक वर्गणी देतात. ही गोष्ट चांगली. पण मजुराचा विमा प्रेक्षकाच्या खिशातून यावा, हे व्यवस्थेला शोभणारे नाही.

धोका केवळ स्वारालाच नाही. संघाला मैदान लागते आणि बहुतेक संघांचे मैदान स्वतःचे नसते. २०२३ च्या हंगामानंतर इंग्लंडमधील पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन ही दोन जुनी मैदाने स्पीडवेला मुकली. संघ जिंको वा हरो, जागेच्या मालकाने नाही म्हटले की हंगाम संपला.

आपल्याकडची रीत

आपल्या २०२४ च्या लीगने वेगळी वाट धरली. संघांनी स्वार लिलावात घेतले. एकाच संघात ४५० सी.सी. व २५० सी.सी. गटांतील परदेशी स्वार, भारतीय व आशियाई स्वारांचा २५० सी.सी.चा गट आणि ८५ सी.सी.वरील कोवळी मुले अशी रचना होती. सर्वांचे गुण मिळून संघाचे होतात. त्यामुळे लहान मुलाचा गुणही परदेशी विजेत्याच्या गुणाशेजारी बसतो.

लिलाव म्हणजे किंमत हंगामाआधी ठरणे. सौंसरकडे संत्र्याचा बगीचा कधी कधी फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला एकरकमी देतात. पुढे गारपीट झाली तर नुकसान व्यापाऱ्याचे, भाव चढले तर फायदाही त्याचाच. शेतकरी मोठ्या नफ्याची आशा सोडतो आणि निश्चिंती विकत घेतो. गुणांची मजुरी म्हणजे वेचणी, तर लिलाव म्हणजे झाडावरचा सौदा. पहिल्या रीतीत धोका स्वाराचा, दुसरीत त्यातला मोठा भाग संघमालकाकडे जातो. मेहनत करून घेण्यास पहिली रीत बरी, मेहनत करणाऱ्याला टिकवण्यास दुसरी.

परंतु आपल्या पहिल्या हंगामात फेऱ्या तीनच होत्या. युरोपात एप्रिलमध्ये पडलेला स्वार सप्टेंबरपर्यंत सरासरी भरून काढू शकतो. तीन फेऱ्यांत एक फेरी हुकली की तिसरा हिस्सा गेला. इतक्या थोड्या नोंदींवरून कोणत्याही स्वाराची खरी किंमत ठरत नाही. मग पुढच्या लिलावात नाव आणि प्रसिद्धी यांनाच भाव येण्याचा संभव असतो. म्हणून फेऱ्या वाढणे ही प्रेक्षकांच्या करमणुकीपेक्षाही स्वारांच्या न्यायाची बाब आहे.

सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार रॅलीत भाग घेणारे पहिले भारतीय ठरले आणि २०२१ मध्ये त्याच रॅलीत सौदी अरेबियात पडून त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्यातून बरे होऊन ते संघाचे चालक म्हणून उभे राहिले. पडणे म्हणजे काय हे स्वतः जाणणारा माणूस संघाच्या बाजूला बसलेला असणे ही आपल्या लीगच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. परंतु एका माणसाच्या अनुभवावर व्यवस्था चालत नाही, ती करारावर चालते. लीग वाढणार असेल तर उपचार, विमा आणि जखमी काळातील मानधन या तीन गोष्टी करारात लिहिलेल्या असाव्यात, विशेषतः ८५ सी.सी.वर बसणाऱ्या मुलांसाठी.

पुढच्या हंगामाचा गुणतक्ता वर्तमानपत्रात येईल तेव्हा आपण सर्वजण पहिला कोण हेच आधी पाहू, आणि ते स्वाभाविकही आहे. त्या तक्त्यात शर्यती, गुण आणि क्रमांक असे रकाने असतात. दुखापतीचा रकाना नसतो. तो कोणीतरी आपल्या घरच्या वहीत भरत असतो, एवढे मात्र वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.