परदेशात सरकारी उपचार मिळत असता वेगळा विमा कशासाठी ?

आपल्या समाजातील मुले-मुली आज उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी शिष्यवृत्तीवर जातात, कोणाचे आईवडील कर्ज काढून पाठवितात. पुढे पदवीदान समारंभाच्या निमित्ताने आईवडीलही विमानात बसतात. जाण्याची तयारी सुरू झाली की एक प्रश्न हमखास निघतो. "तिकडे दवाखाने सरकारी असतात, उपचार फुकट होतात. मग विम्यावर पैसे कशाला घालवायचे ?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरात एकेक रुपया मोजून खर्च होतो त्या घराने तो विचारलाच पाहिजे. आपले बरेच विद्यार्थी ब्रिटनला जातात, म्हणून त्या देशाचे उदाहरण घेऊन आम्ही येथे उत्तर देत आहोत.

विद्यार्थ्याला काय मिळते ?

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे नॅशनल हेल्थ सर्व्हिस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. बाबासाहेब लंडनला शिकत होते त्या काळी ती नव्हती. ही सेवा तेथील रहिवाशांसाठी आहे आणि तिचा खर्च मुख्यतः करांतून चालतो. सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा घेऊन शिकायला जाणाऱ्याला एप्रिल २०१५ पासून व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड झाला. एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा काही महिने जास्त असतो, त्यामुळे साधारणतः दीड वर्षाचे ११६४ पौंड भरावे लागतात. तेव्हा ही सेवा आपल्याला फुकट मिळते हा समज प्रथम सोडून द्यावा. आपण तिचे पैसे आगाऊ भरलेले असतात.

या पैशांत बरेच मिळते. घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदविता येते, रुग्णालयात दाखल होता येते, शस्त्रक्रियाही होते. मात्र दात आणि चष्म्याचा खर्च बहुधा वेगळा पडतो. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दर औषधामागे ठरावीक शुल्क द्यावे लागते. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे ते नाही.

आईवडिलांचे काय ?

भेटीला जाणाऱ्या आईवडिलांची गोष्ट निराळी आहे. सहा महिन्यांच्या आतील पाहुण्यांकडून अधिभार घेत नाहीत, त्यामुळे त्यांना रहिवाशाचा हक्कही मिळत नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यात परस्परांच्या नागरिकांवर मोफत उपचार करण्याचा करार नाही. अपघात विभागातील तातडीचा उपचार कोणालाही मोफत मिळतो. परंतु तेथून वॉर्डात दाखल केले की बिल सुरू होते. इंग्लंडमध्ये अशा पाहुण्याकडून प्रत्यक्ष खर्चाच्या दीडपट रक्कम आकारण्यात येते. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक बिल थकले तर पुढच्या व्हिसा अर्जाला अडचण येऊ शकते. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तर किती बिल होईल याचा विचार करावा. आपल्याकडील आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड तेथे चालत नाही.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांनाही हाच धडा

ब्रिटनमध्ये कायम स्थायिक झालेले आपले बांधव युरोपात फिरायला जातात तेव्हा त्यांच्याजवळ सरकारचे एक मोफत आरोग्य कार्ड असते. २०२१ पासून त्याचे नाव ग्लोबल हेल्थ इन्शुरन्स कार्ड असे आहे. या कार्डावर युरोपीय संघाच्या देशांत आवश्यक तो सरकारी उपचार तेथील नागरिकांना ज्या अटींवर मिळतो त्याच अटींवर मिळतो. फ्रान्समध्ये नागरिकही डॉक्टरचे पैसे आधी भरतात व नंतर काही भाग परत मिळवितात. तेच कार्डधारकालाही करावे लागते. खाजगी रुग्णालय, डोंगरातून सुटका, आजारी माणसाला मायदेशी आणणे यांपैकी काहीही या कार्डात बसत नाही. म्हणून ब्रिटिश सरकार स्वतःच सांगते की कार्डासोबत प्रवास विमाही घ्यावा.

यातून मुख्य मुद्दा ध्यानात येतो. सरकारी सेवा आपल्याला त्या देशातील माणसासारखे वागविते, त्याहून जास्त काही देत नाही. तेथील माणसाचे घर जवळच असते, आपले हजारो मैलांवर असते. या अंतरामुळे येणारा खर्च कोणतेही सरकार उचलत नाही. मुलगा अतिदक्षता विभागात असताना आईला तिकडे नेणे, परिचारिका सोबत देऊन त्याला परत आणणे, आणि दुर्दैवाने काही बरेवाईट झाले तर पार्थिव गावी आणणे, हे सारे त्यात येते. अशा वेळी वस्तीत वर्गणी गोळा करण्याची पाळी येते. २००९ साली भारतीय दूतावासांतून सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी गरजूंना मदत करतो. पण ती प्रत्येक प्रकरण पाहून मिळणारी मदत आहे, हक्क नव्हे.

विमा घेताना

१) विमा निघण्यापूर्वी भारतातच घ्यावा. सरकारी मालकीच्या सामान्य विमा कंपन्याही अशा पॉलिसी देतात. विद्यार्थ्यांची पॉलिसी वेगळी असते.

२) मधुमेह, रक्तदाब, विदर्भात आढळणारा सिकलसेल असे जुने आजार लपवू नयेत. लपविले तर दावा नाकारला जातो. ते पॉलिसीत कितपत धरले आहेत हे लेखी विचारावे.

३) मायदेशी परत आणणे आणि पार्थिव आणणे ही कलमे आहेत का, आणि किती रकमेची, हे पाहावे.

४) सुटीत युरोपात जाणाऱ्या विद्यार्थ्याचा ब्रिटनमधील हक्क तेथे चालत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

५) पॉलिसीचा क्रमांक व मदतीचा दूरध्वनी मुलाजवळ आणि घरी, दोन्हीकडे लिहून ठेवावा. दाखल होताच कंपनीला कळवावे.

थोडक्यात, विद्यार्थ्याने अधिभार भरला असेल तर मोठ्या रकमेचा उपचार विमा घेण्याची घाई नको. परत आणण्याची तरतूद असलेला माफक विमा पुरेसा होऊ शकतो. मात्र विद्यापीठाच्या व शिष्यवृत्तीच्या अटी आधी वाचाव्यात, कारण काही ठिकाणी विमा त्यातच असतो. आईवडिलांनी मात्र पूर्ण विमा घेतल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये. तिकिटाच्या हिशेबात ही रक्कम पहिल्या दिवसापासूनच धरावी, एवढीच आमची सर्व सभासदांना व विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे.