देशमुख, गणपतराव

देशमुख, गणपतराव अण्णासाहेब : (१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). महाराष्ट्र विधानसभेचे ज्येष्ठ सदस्य, शेतकरी कामगार पक्षाचे नेते व सहकारी चळवळीतील कार्यकर्ते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाच्या वतीने इतक्या वेळा विजयी झालेला दुसरा सदस्य महाराष्ट्रात नाही. कार्यकर्त्यांत ते ‘आबासाहेब’ या नावाने ओळखले जात.

सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी वातावरणात ते वाढले. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी वकिली सुरू केली. परंतु शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यात ते ओढले गेले आणि सांगोला हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. काँग्रेसमधील असंतुष्ट बहुजन कार्यकर्त्यांना एकत्र करून केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी १९४७-४८ मध्ये हा पक्ष उभारला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. तथापि १९५० नंतरच्या दशकात जेधे व त्यांचे काही सहकारी काँग्रेसमध्ये परतले. देशमुखांच्या पिढीपुढे तेव्हा सत्तेकडे जाणारा मार्ग उघडा होता. तो न स्वीकारता पक्षात राहिलेल्या मोजक्या नेत्यांत उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील यांच्या बरोबरीने देशमुखांचा उल्लेख करावा लागतो.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर झालेल्या पहिल्या, म्हणजे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते प्रथम विधानसभेवर गेले व १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्या लाटेत देशमुखही पराभूत झाले. मात्र ही जागा मुदतीपूर्वीच रिकामी झाली आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी ती परत मिळविली. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा चार निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या १९२ मतांनी त्यांचा पराभव झाला. १९९९, २००४, २००९ व २०१४ या चारही निवडणुकांत मात्र ते पुन्हा विजयी झाले. २०१४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी त्याच शहाजीबापू पाटलांना – या वेळी ते शिवसेनेचे उमेदवार होते – सु. २५ हजार मतांनी हरविले. अशा प्रकारे तेरा लढतींत अकरा विजय व दोन पराभव आणि सु. ५१ वर्षांचे सदस्यत्व, असा हा हिशेब होतो.

‘सलग अकरा वेळा’ असा जो उल्लेख वृत्तपत्रांतून व भाषणांतून वारंवार आढळतो, तो बरोबर नाही. अखिल भारतीय विक्रम म्हणून केलेला उल्लेखही तपासून घ्यावा लागतो. केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम्. माणी १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. त्यांपैकी १९६५ च्या निवडणुकीतून निर्माण झालेली विधानसभा भरलीच नाही, तरीही बारा विजय उरतात. तमिळनाडूचे एम. करुणानिधी हेही तेरा वेळा निवडून आले, परंतु निरनिराळ्या मतदारसंघांतून. शिवाय १९६२ ते २०१४ या काळात मतदारसंघांची वेळोवेळी पुनर्रचना झाली. सांगोला हे नाव टिकले तरी त्याच्या सीमा कायम राहिल्या असे नाही. या दुरुस्त्यांमुळे देशमुखांच्या कामगिरीला उणेपणा येत नाही. उलट, दोनदा गमावलेली जागा दोन्ही वेळा परत मिळविणे हे अखंड विजयापेक्षा अवघड असते. १९७२ चा पराभव राज्यव्यापी लाटेचा भाग होता, १९९५ चा तसा नव्हता. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची सत्ता गेली आणि शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार आले; सांगोल्यात मात्र काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. सांगोल्याचे राजकारण बरेचसे तेथील गटातटांवर चालत होते, हे यावरून दिसून येते.

या यशाची पार्श्वभूमी समजण्यासाठी तालुक्याची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. सांगोला हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण प्रदेश आहे. भीमेची उपनदी माण या तालुक्यातून वाहते, पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. साखर कारखाना व कालवा यांभोवती पश्चिम महाराष्ट्रात जे काँग्रेसचे सत्ताकारण वाढले, त्याला लागणारे पाणीच येथे नव्हते. देशमुखांच्या राजकारणाचा विषय म्हणूनच पाणी, दुष्काळी कामे आणि मजुरी हा राहिला. १९७२-७३ च्या दुष्काळाची मोठी झळ सोलापूर जिल्ह्याला पोहोचली होती. पुढे रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम १९९० मध्ये सुरू झाला आणि सांगोल्याच्या माळरानावर बोर व डाळिंब यांच्या बागा उभ्या राहिल्या. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे व त्याचे वाटप समन्यायी व्हावे, या मागणीसाठी आटपाडी येथे भरणाऱ्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडी व भारत पाटणकर यांच्यासमवेत देशमुखांचा पुढाकार होता. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचा पाठपुरावा त्यांनी सभागृहात दीर्घकाळ केला. योजनांना लागलेला विलंब पाहता हा पाठपुरावा आमदारकीच्या एका मुदतीत मावणारा नव्हता, हे उघड आहे.

कापूस हे मुख्य पीक नसलेल्या या तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूत गिरणी उभी केली. स्त्रियांसाठी वेगळी सहकारी सूत गिरणीही काढण्यात आली. महाराष्ट्रातील अनेक सहकारी सूत गिरण्या तोट्यात जाऊन बंद पडल्या असता सांगोल्याची गिरणी काटकसरीच्या कारभाराचे उदाहरण म्हणून दाखविली जाई. त्यांच्या वैयक्तिक राहणीविषयीही हेच म्हणता येते. आमदार असताना एस.टी. बसने मुंबईला जाणारा माणूस, ही त्यांची प्रतिमा दंतकथेसारखी पसरली. परंतु केवळ साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत. गिरणी, शिक्षणसंस्था आणि गावोगावचे पक्षकार्यकर्ते यांचे जाळे त्यांच्या पाठीशी होते, आणि ते त्यांनी स्वतः विणलेले होते.

विधिमंडळातील त्यांचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. दि. बा. पाटील १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्यावर देशमुख विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले (१९७७-७८). जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ बनले, त्यात ते मंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये हे मंत्रिमंडळ बरखास्त झाले. १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात त्यांना पुन्हा मंत्रिपद मिळाले. २००२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि पक्षाचा सत्तेतील सहभाग संपला. अर्धशतकाच्या सदस्यत्वात सत्तापदाची वर्षे अशी थोडीच आहेत. अंदाजपत्रक, पाणी व शेती यांवरील त्यांची अभ्यासपूर्ण, आवाज न चढविता केलेली भाषणे सत्ताधारी पक्षाचे सदस्यही लक्षपूर्वक ऐकत.

मात्र एका प्रश्नाची नोंद येथे करणे आवश्यक आहे. देशमुख सांगोल्यात टिकून राहिले, त्याच काळात त्यांचा पक्ष राज्यात क्षीण होत गेला. शेतकरी कामगार पक्षाचे १९६७ मध्ये १९ आमदार होते. १९७८ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५ आणि २०१४ मध्ये केवळ ३ निवडून आले. रायगड जिल्हा आणि सांगोल्यासारखी काही बेटे वगळता पक्षाचा पाया खचला. एखाद्या नेत्याचा मतदारसंघावरील जम पक्षाच्या वाढीस उपयोगी पडतोच असे नाही; तो पक्षाचा ऱ्हास काही काळ झाकूनही ठेवतो. सांगोल्याचे यश शेजारच्या दुष्काळी तालुक्यांत पक्षाला मिळविता आले नाही, ही देशमुखांच्या कारकीर्दीची मर्यादा मानावी लागेल, जरी तिचा सर्व दोष त्यांच्याकडे जात नाही.

वयोमानामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख हे पक्षाचे उमेदवार होते. शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांचा ७६८ मतांनी पराभव केला. ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतराव देशमुखांचे निधन झाले. २०२४ च्या निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापू पाटलांना सु. २५ हजार मतांनी हरवून सांगोल्याची जागा पक्षाकडे परत आणली. त्या विधानसभेवर निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे ते एकमेव सदस्य होत.