टाळू भरली म्हणून दात अडले?

वरचा दात आधी आला की मामाला जड, ही समजूत भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातच नाही, महाराष्ट्रभर ऐकू येते. मामाचा काही संबंध नाही. बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे दोन दात आधी येतात, काहींना वरचे, इतकंच. पण कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेलं बाळ असेल, तर समजुती महागात पडतात. साधारण दोन-अडीच हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं.

“तेल जास्त जिरवलं, टाळू लवकर भरली, म्हणून दात अडले.” तेलाने हाडं जुळत नाहीत. टाळू साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत भरते. ती थोडी आधी भरली म्हणून सांधा जुळलाच असं नाही, आणि उघडी आहे म्हणून सगळे सांधे मोकळे असतील असंही नाही. डॉक्टर डोक्याचा आकार, घेर आणि सांध्यावर हाताला लागणारा उंचवटा पाहतात.

“कवटी जुळली म्हणजे दात बिघडणारच.” एकच सांधा जुळला असेल आणि सोबत दुसरा दोष नसेल, तर दात बहुधा चारचौघांसारखेच येतात. खरी अडचण एपर्ट (1906) आणि क्रूझाँ (1912) या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांत असते. तिथे चेहऱ्याच्या हाडांची वाढही खुंटते. वरचा जबडा मागे राहतो, आणि घरचे मात्र म्हणतात, हनुवटीच पुढे आली! दात नेहमीच्या मापाचे, जागा अपुरी. मग दाटी होते, चावा उलटा बसतो. एपर्टमध्ये दात उशिराही येतात, एखादा तयारच होत नाही. त्यामुळे जन्मतारखेवरून हिशेब मांडण्यात अर्थ नाही. दातांचं वय एक्स-रेवर कळतं. डेमिर्जियन या संशोधकांच्या 1973 च्या पद्धतीत खालच्या डाव्या बाजूचे सात दात कितपत घडले आहेत, ते पाहतात.

“दुधाचे दात पडणारच, किडले तर किडू देत.” सगळ्यांत घातक समजूत हीच. दुधाची दाढ अकाली गेली की मागची पुढे सरकते आणि आधीच अपुरी असलेली जागा आणखी आटते. त्यात एपर्टच्या मुलांची बोटं जुळलेली, ब्रश धरवत नाही. तोंडातला टाळा उंच, अरुंद, दोन्ही कडांना जाड, त्यात घास अडकतो. तोंडाने श्वास घेतल्याने हिरड्या कोरड्या पडतात. म्हणून दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. हिरड्यांना मिश्री मुळीच नको, ती तंबाखूच.

“डोक्याचं ऑपरेशन झालं की दात आपोआप सरळ होतात.” ते ऑपरेशन, बहुधा पहिल्या वर्षात, मेंदूला जागा मिळावी म्हणून असतं. जबडा पुढे आणणं ही वेगळी शस्त्रक्रिया. श्वासाची अडचण नसेल तर ती बहुतेकदा वाढ पूर्ण होत आल्यावर करतात. घाई केली तर वरच्या दाढांच्या कळ्यांना इजा होऊ शकते.

भीमाशंकरहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. पण पहिल्या तपासणीसाठी तिथवर जायची गरज नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. दात पाहणं त्यांच्या कामातच आहे. ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद त्या दिवशी सोबत द्या.