हळदीचा खटला

बोट कापले की त्यावर हळद दाबावी, हे महाराष्ट्रात कोणास शाळेत जाऊन शिकावे लागत नाही. जी जेजुरीस भंडारा म्हणून उधळली जाते, जी नवरीच्या अंगास लागते व जिचे सौदे सांगलीच्या पेठेत होतात, त्याच हळदीची ही गोष्ट आहे. सन १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या पेटंट कचेरीने, जखम भरून आणण्याकरिता हळद वापरण्याचा एकाधिकार मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास देऊन टाकिला! शोधक म्हणून ज्या दोघांची नावे त्यावर होती, ते भारतीय वंशाचेच होते.

ही वार्ता ऐकून आमच्या लोकांस संताप आला, व तो अयोग्य होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु संताप म्हणजे पुरावा नव्हे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात एक विलक्षण भेद होता. एखादी गोष्ट खुद्द अमेरिकेत लोकांच्या माहितीची किंवा वापरातील असेल, तर तिचे पेटंट मिळत नसे. पण परदेशातील वहिवाट, मग ती हजार वर्षांची का असेना, जमेस धरली जात नसे. परदेशापुरता ग्राह्य पुरावा एकच: पूर्वीचे पेटंट अथवा छापील लेख. म्हणजे कोट्यवधी मातांची साक्ष कोर्टाच्या दाराबाहेर आणि छापील कागदाचा चिठोरा मात्र आत! हा भेद अन्यायाचा होता. सन २०११ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. पण खटला त्यापूर्वीचा होता.

तेव्हा आमच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने काय केले? डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या कारकीर्दीत, सन १९९६ मध्ये, तिने फेरतपासणीचा अर्ज केला व संस्कृत, उर्दू, हिंदी इत्यादी भाषांतील बत्तीस आधार पुढे मांडले. त्यांत १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय मासिकातील लेखही होता. सन १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. हळद सुटली, पण ती लिहिलेली होती म्हणून सुटली, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

जे लिहिलेले नाही त्याची वाट काय? आमच्याकडे अशी एक समजूत आहे की, औषध दुसऱ्यास सांगितले म्हणजे त्याचा गुण जातो. ह्या एका समजुतीने जेवढे ज्ञान बुडविले असेल, तेवढे कोणा परकीयाने नेले नसेल. कावीळ, दंश, मूळव्याध ह्यांवरील पाला देणारा मनुष्य मरतो आणि त्याची विद्या त्याच्याबरोबर सरणावर जाते. शिवाय जी वनस्पती कोणास दाखवावयाची नाही, तिची परीक्षा तरी कोण घेणार? ती तारते की मारते, हे रोग्याच्या जिवावरच कळावयाचे.

उलट उदाहरण पाहा. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड ह्याच्या प्रेरणेने 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सन १६७८ ते १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथे छापून निघाला. त्यास मोठे साहाय्य केले ते इट्टी अच्युतन ह्या एळवा जातीच्या वैद्याने. त्याच्या जातीस शिवून घेण्यास त्या काळचे वरिष्ठ वर्ग तयार नव्हते. पण त्याने दिलेला दाखला त्या ग्रंथात छापलेला आहे, आणि कोंकणी ब्राह्मण वैद्यांचा दाखला नागरी लिपीत त्याच ग्रंथात आहे. जातीने ज्यांस एका ओटीवर बसू दिले नसते, त्यांस छापखान्याने एका पुस्तकात बसविले! इट्टी अच्युतनाने गुण जाण्याचे भय धरिले असते, तर आज त्याचे नावही उरले नसते.

लिहिले तर परका घेऊन जाईल, अशी शंका काही व्यापारी बंधू काढतील. त्यांस आमचे उत्तर हळदीच्या खटल्यातच आहे: जे सर्वांस ठाऊक असल्याचा लेख आहे, त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. सन २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीवर व नगरपालिकेवर समिती नेमून अशा ज्ञानाची लोकनोंदवही करण्याचे काम सोपविले आहे. आपल्या गावची नोंदवही कोठे आहे, तीत धनगर, कातकरी व सुईणी ह्यांस विचारून काय लिहिले आहे, की पाने नुसती भरण्यापुरती भरली आहेत, हे वाचकांनी कचेरीत जाऊन विचारावे. आणि तत्पूर्वी, घरात वृद्ध आजी असेल तर आज सायंकाळीच कागद व दौत घेऊन तिच्यापाशी बसावे.